कोण कोणाला सोसतो

मी एक जुना फळा आहे. रीत अशी आहे की आता मी तुम्हाला 'मित्रांनो' म्हणावे. म्हणतो. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर माणसांशी माझे कधी फारसे जमले नाही. तीस वर्षे तुम्ही माझ्या तोंडाला खडू फासलात आणि हात झटकून निघून गेलात. मी काय सांगत होतो ते तुमच्यातल्या निम्म्यांनी जांभया देत वाचले, उरलेल्यांनी खिडकीबाहेर पाहिले. तरीही माझी कहाणी सांगतो, कारण मनात ठेवून कुढत बसण्याचा माझा स्वभाव नाही.

माझा जन्म सागवानाचा. मूल या तालुक्याच्या गावापलीकडच्या जंगलात मी सरळ उभा होतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात होतो. मला तोडले, लिलावात विकले आणि आमच्या गावच्या इसरू मिस्त्रीच्या अंगणात आणून टाकले. इसरूने चार फळ्या जोडून मला घडवले. एका फळीत मोठी गाठ होती. ती काढायचा त्याला कंटाळा आला. "राहू दे, मास्तरलोकाईले कुठी दिसते," असे म्हणून त्याने रंधा बाजूला ठेवला. खडू आजही त्या गाठीवर अडखळतो आणि लिहिणारा मात्र मलाच शिव्या देतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत माझे बरे दिवस गेले, हे मी नाकारत नाही. दर शनिवारी सातवीची पोरे बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातला काळा मसाला आणत, त्यात माक्याचा पाला चुरडत आणि मला घासून घासून काळे करत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि 'फळा कसा लख्ख आहे' असे म्हटले. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे शाळेत टीव्हीसारखा चकचकीत पडदा आला आणि मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. तिथून कोणीतरी मला उचलून नालीवर पूल म्हणून आडवे टाकले. दोन पावसाळे माझ्या पाठीवरून बकऱ्या गेल्या, सायकली गेल्या, धानाची पोती घेतलेली माणसे गेली. माणसांविषयी माझे जे मत आहे ते त्या दोन पावसाळ्यांत पक्के झाले.

मला तिथून काढले ते देवरावभाऊने. देवराव म्हणजे त्याच शाळेचा निवृत्त शिपाई. एके दिवशी तो माझ्यावरून घसरून पडला, चिडून त्याने मला उलटे केले आणि माझे तोंड पाहून खालीच बसला. "अबे, हा त आपला सातवीचा फळा!" त्याने मला हापशीवर नेऊन धुतले. विहाराला लागून एक मोठी खोली आहे. गावाने तिथे अभ्यासिका केली होती, किल्ली देवरावकडे होती. त्या खोलीत मी पुन्हा भिंतीवर चढलो.

त्या अभ्यासिकेत पोलीस भरती, वनरक्षक भरती, तलाठी असल्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली येत. कोणी सकाळी येई, कोणी धानाच्या बांधीतले काम उरकून दुपारी चारला, कोणी राइस मिलची पाळी संपल्यावर. म्हणून देवरावने एक नियम घालून दिला होता. ज्याने लिहिले त्यानेच पुसायचे. सकाळी सातला कोणी काही लिहिले तर ते चारला येणाऱ्यालाही वाचता आले पाहिजे, यासाठी तो नियम. आठ वर्षे तो कोणी मोडला नाही. माणसांनी केलेल्या नियमांपैकी मला पटलेला तो एकच.

मग मिथुन सर आले. मूलचेच, पण दोन वर्षे नागपूरच्या क्लासमध्ये शिकवून आलेले. त्यांनी गावाशी ठरवले, की खोली फुकट वापरायला द्या, मी तुमच्या मुलांना फुकट शिकवतो. शिवाय त्यांच्यातून दहा जणांना निवडून मूलच्या माझ्या क्लासमध्ये संगणकावर सराव परीक्षा देऊ देतो. गाव खूश झाले. मला सर पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, पण मला कोण आवडते?

त्या दहांत नाव लागावे म्हणून सगळ्यांत जास्त जीव टाकत होती दिव्यानी. तिची आई आशाबाई राइस मिलमध्ये कामाला. दिव्यानीला वनरक्षक व्हायचे होते. परीक्षा जूनमध्ये, तीही संगणकावर, आणि या मुलीने माऊस हातात धरला होता आयुष्यात एकदा. पेपर येत असूनही नुसते बटण चुकल्याने घरी परत येणारी मुले तिने पाहिली होती. आईने तिला हे एक वर्ष दिले होते. नाही जमले तर पुढच्या हंगामापासून मिलवर यायचे, असे दोघींचे ठरले होते. म्हणजे मूलच्या त्या संगणकासमोरची एक खुर्ची, एवढेच तिला हवे होते.

सरांना ते ठाऊक होते. समोरच्याला गरज आहे हे कळले की त्याला तुम्ही माणसे कसे वागवता, ते मी नालीवर पडल्या पडल्या पाहिले आहे. दिव्यानी उभी राहून "सर, मले समजलं नाई" म्हणाली की सर डोळे मिटून घेत. "मले नाही, मला. जिला मराठी येत नाही तिला इंग्रजी काय येणार?" मग सगळे हसत. त्यांच्यातला एकही घरी 'मला' म्हणणारा नव्हता. आपला नंबर येऊ नये म्हणून हसत.

इंग्रजीच्या पेपरात एक प्रकार हमखास येतो. साध्या क्रियापदाला मागून एक-दोन लहान शब्द चिकटतात आणि त्याचा अर्थ पार बदलतो. 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. सरांच्या गाईडमध्ये अशी साठ क्रियापदे होती आणि प्रत्येकाच्या वाक्यात एक जॉन होता. जॉन सिगारेट सोडतो. जॉन म्हाताऱ्या मावशीला सांभाळतो. जॉनची गाडी बंद पडते. महिनाभर मी त्या जॉनला अंगावर वागवले आणि तो कोण कुठला हे शेवटपर्यंत कळले नाही.

मे महिन्यात 'पुट अप विथ' आले. सरांनी ते चांगले शिकवले, खोटे कशाला बोलू. 'पुट'चा ठेवणे, 'अप'चा वर आणि 'विथ'चा सोबत हे तिन्ही अर्थ विसरून जा, असे त्यांनी सांगितले. तिघे मिळून एकच अर्थ होतो. न आवडणारी गोष्ट सोसणे, तिच्याविरुद्ध काही न करता ती चालवून घेणे. आवाज, उकाडा, शेजारी, साहेब, जे काही सोसावे लागते ते 'विथ'च्या पुढे लिहायचे. सोसणारा पहिल्यांदा येतो. मग सर म्हणाले, "प्रत्येकाने स्वतःचे एक वाक्य फळ्यावर लिहा. यावरून मी दहा नावे ठरवणार आहे."

सोळा जणांनी जॉन लिहिला. जॉनला उकाडा सोसवत नव्हता, जॉनला शेजारी सोसवत नव्हते. सर मान डोलावत होते. दिव्यानी उठली आणि गाठीच्या जरा वर, सुबक अक्षरात तिने लिहिले, 'माय मदर पुट्स अप विथ द डस्ट.' माझी आई धूळ सोसते.

सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. "कोणती धूळ?"

"राइस मिलची जी. कोंडा उडते ना, नाकातोंडात जाते मायच्या."

"कोंडा!" सर वर्गाकडे वळले. "परीक्षेत हिच्या आईचा कोंडा येणार आहे म्हणे. टिपून घ्या रे." हसू फुटले. आणि मग सरांनी डस्टर उचलून ते वाक्य पुसून टाकले.

हसणे जागच्या जागी थांबले. देवराव दारात उभा होता. "सर, इथी ज्यानं लिवलं तोच पुसते," तो म्हणाला.

"वर्ग माझा आहे तोवर फळाही माझा," सर म्हणाले.

मी कोणाचा नाही, हे त्यांना कोणी सांगायचे? दुसऱ्या दिवशी दिव्यानीने तेच वाक्य पुन्हा त्याच जागी लिहिले. सरांनी पुसले. तिसऱ्या दिवशी लिहिले, पुसले. एक शब्द ती बोलत नव्हती. तिचे कान लाल होत, खडू मोडेल इतका दाब पडे आणि तो दाब मला सोसावा लागे. पाचव्या दिवशी सर म्हणाले, "उद्या यादी लावतो. हे बदललेस आणि सर्वांसमोर माफी मागितलीस तर तुझे नाव असेल. नाहीतर कोंडाच खा."

गावात गोष्ट लपत नाही. शनिवारी सकाळची पाळी संपवून आशाबाई थेट अभ्यासिकेत आली. केसांत कोंडा, भुवयांवर कोंडा, खांद्यावर तोंडाला बांधायचे फडके. चपला दाराशी काढून ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दिव्यानीने सहाव्यांदा लिहिलेले वाक्य तेव्हा माझ्या अंगावर होते.

"का लिवलं आहे मायाबद्दल?" तिने विचारले.

सरांना आयतीच संधी मिळाली. "तुमची मुलगी लिहिते, की माझी आई मुकाट्याने धूळ सोसते."

मला वाटले, आता ही सरांवर तुटून पडेल. ती वळली ती लेकीकडे.

"मी मुकाट्यानं सोसते? संक्रांतीच्या पहिले आमी अकरा बाया मशीन बंद करून बसलो दोन रोज. धुरळा ओढाचा पंखा लागला तवाच उठलो. तू त डबा घेऊन आली होती ना तिथी? इसरली?"

"माय, मी त चांगलंच लिवलं तुयाबद्दल. तरास होते ना तुले..."

"तरास होते त मी भांडते. सोसून त तू राह्यली. हे सर रोज हासतेत, तू खाली मान घालते, आन मायं नाव घेऊन भिंतीवर लिवते. लिवाचंच असन त सोताचं लिव."

दिव्यानीचे डोळे भरून आले होते, पण रागाने की लाजेने ते मला सांगता येणार नाही. ती पुढे आली. तिने आपले वाक्य आपल्या हाताने पुसले. मग सावकाश, गाठ चुकवून, नवे लिहिले. 'वी पुट अप विथ मिथुन सर.' आम्ही मिथुन सरांना सोसतो.

सोसणारे पहिल्यांदा, सोसावे लागते ते 'विथ'च्या पुढे. सरांनी शिकवले होते तस्से. त्यांनी ते दोनदा वाचले. त्यांचा हात डस्टरकडे गेला, पण डस्टर देवरावने कधीच उचलून पाठीमागे धरले होते. खिशातून बाहेर आलेली यादी सरांनी पुन्हा खिशात घातली.

"ज्याला नोकरी पाहिजे त्याने सोमवारपासून मूलला यावे," ते म्हणाले. "हिने येऊ नये. या लाकडासमोर बसून कोणी वनरक्षक झालेला नाही."

मित्रांनो, तुम्हाला वाटले असेल की मग सगळा वर्ग दिव्यानीच्या पाठीशी उभा राहिला. तसे गोष्टींत होते. इथे सतरातले चौदा जण सोमवारी मूलच्या बसमध्ये बसले. त्यांनाही नोकरी हवी होती. जाताना दिव्यानीकडे पाहायला नको म्हणून ते विहाराच्या मागच्या वाटेने गेले. खुर्ची गेली ती गेलीच. आशाबाईनेही लेकीची पाठ थोपटली नाही. एवढेच म्हणाली, "आता कंप्युटर कुठी शिकशीन ते पाय." दुसऱ्या दिवसापासून मिलवरून येताना ती ग्रामपंचायतीत जाऊ लागली. तिथे कुलपात एक संगणक पडून आहे. तो दुपारी दोन तास उघडून द्यावा म्हणून तिने सचिवाला नको नको केले आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही, पण तिला पाहिले की तो मागच्या दाराने जातो.

अभ्यासिकेत तिघे उरले. दिव्यानी, तिची मैत्रीण पुनम आणि बुधू. बुधू जंगलाला लागून असलेल्या टोल्यावरचा, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्तीतला, वयाने दोघींहून बराच मोठा. उन्हाळ्यात वनखात्याच्या रोजंदारीवर जंगलातली आग विझवायला जाणारा. वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची भरती होती. तो कमी बोले, आणि बोलण्याआधी तोंडातल्या तोंडात वाक्य एकदा म्हणून बघे.

शिकवायला कोणी नव्हते, म्हणून दिव्यानी शिकवू लागली. पहिले दोन दिवस ती चाचरली. तिसऱ्या दिवशी तिचा एक हात कमरेवर गेला. चौथ्या दिवशी ती "लक्ष द्या" म्हणाली, तेही 'मला'वाल्या मराठीत. पुनमचे उत्तर चुकले की ती डोळे मिटून घेऊ लागली. तिचे तिला कळत नव्हते. मला कळत होते, आणि सांगायला काय हरकत आहे, मला मजा वाटत होती. माणसे अशीच असतात हे माझे मत खरे ठरत होते आणि आपले मत खरे ठरले की कोणालाही बरे वाटते.

त्या आठवड्यात तिने उजळणीला 'पुट अप विथ' घेतले. "बुधूभाऊ, तुम्ही लिहा." बुधूने ओठ हलवून वाक्य म्हणून पाहिले, उठला आणि एक-एक अक्षर कोरल्यासारखे लिहिले. 'द टायगर पुट्स अप विथ अस.'

दिव्यानी हसली. खळखळून, मान मागे टाकून हसली. पुनमही हसली.

"उलटं झालं बुधूभाऊ! सोसणारा पहिल्यांदा येतो. वाघ आपल्याला सोसतो असं झालं ना ते!"

"हाव. तसंच लिवाचं होतं," बुधू म्हणाला.

"वाघ कसा सोसेल आपल्याला?"

बुधूने खडू हातात फिरवला. "मोहा वेचाले अंधारातच जातो आमी. तेंदूपत्त्याले जातो. सरपनाले जातो. तो जाळीत बसून राह्यते. कवा कवा त धा हातावर असते. आमी बोंबलतो, डबे वाजवतो. तो उठते आन दुसरीकडं जाते. रोज जाते. जंगल त्याचं, आन उठाचं त्यानंच. एखांद्या बारी नाई सोसत. मायी काकू गेली तवा नाई सोसलं त्यानं. पन बाकीचे दिवस सोसते. मी पाह्यलं आहे, म्हनून लिवलं."

वाक्यात चूक नव्हती. स्पेलिंगची नव्हती, अर्थाची तर नव्हतीच. सरांच्या गाईडातल्या साठ जॉनांना जमले नसते असे ते वाक्य होते.

बुधूने खडू खाली ठेवला आणि खुंटीवरचा दुपट्टा घेतला. "सर हासत होते त समजत होतं," तो दाराशी जाऊन म्हणाला. "तुयं हासनं नाई समजलं, दिव्यानी."

तो गेला. दिव्यानी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मग ती तशीच अनवाणी धावत सुटली. हापशीजवळ तिने त्याला गाठले. दार उघडे होते, मला दोघे दिसत होते, ऐकू काही येत नव्हते. ती बोलत होती आणि तो हापशीच्या दांड्याकडे पाहत होता. बराच वेळ गेला. शेवटी तो तिच्या मागून परत आला आणि आपल्या जागेवर बसला. दिव्यानी माझ्यासमोर उभी राहिली नाही. ती चटईवर पुनमच्या शेजारी बसली, वही उघडली आणि बुधूचे वाक्य तिने वहीत उतरवून घेतले.

"आनखी एक लिवा ना, बुधूभाऊ," ती म्हणाली. "मी चुकली. मी हासणार नाई आता."

परीक्षा आता बारा दिवसांवर आली आहे. दिव्यानी पास होईल का, बुधू पास होईल का, मला विचारू नका. मी फळा आहे, ज्योतिषी नाही.

माझी काळजी घ्या, मला रंग द्या, ऊनपावसात टाकू नका, असे या जागी मी म्हणायला हवे. दिलात रंग तर द्या. पण त्याआधी एक करा. माझ्यासमोर कोणी खडू घेऊन उभा राहिला तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या, आणि हे तू कुठे पाहिलेस, असे त्याला विचारा. हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. बुधूने 'टायगर' लिहिले तेव्हा दिव्यानीच्याही आधी मी हसलो होतो, मनातल्या मनात. मला आवाज नाही, म्हणून माझे झाकून गेले. बुधू रोज सकाळी येतो, फडक्याने मला पुसतो, आणि माझ्यावर विश्वास ठेवून लिहायला लागतो.